बर्फात ट्रेकला जाताय? वाट पाहा, रक्तही तपासा

गेल्या काही वर्षांत आमच्या वस्तीतल्या मुलामुलींच्या मोबाईलवर एक फोटो हमखास दिसतो. मागे पांढरेशुभ्र डोंगर, अंगात भाड्याचे फुगीर जॅकेट, हातात काठी. पुण्या-हैदराबादला नोकरी लागली, दोन-चार पगार हातात आले की मित्रमंडळी मिळून हिमालयात ट्रेकला जातात. ज्यांच्या आईवडिलांनी जत्रा आणि नातेवाइकांची लग्ने सोडून कधी प्रवास केला नाही, ती पोरे डिसेंबरात बर्फ तुडवून येतात याचा आम्हाला आनंदच आहे. हा लेख त्यांना घाबरवायला लिहिलेला नाही. एका मुलाच्या आजारपणामुळे तो लिहावा लागतो आहे.

मुलगा चोवीस वर्षांचा, नागपूरचा, रोज पहाटे मैदानावर धावणारा. मित्रांबरोबर उत्तराखंडात केदारकंठ्याला गेला. पहिला दिवस उत्तम गेला. दुसऱ्या दिवशी वरच्या तळावर पोहोचल्यावर डाव्या बरगडीखाली दुखू लागले. सोबतच्यांना वाटले गॅस झाला असेल. ॲसिडिटीची गोळी दिली. रात्री कळ डाव्या खांद्यापर्यंत गेली, ताप भरला, उलट्या झाल्या. सकाळी त्याला आधार देत आणि पुढे खेचरावर बसवून खाली आणले, मग गाडीने देहरादूनला. तिथे सिटी स्कॅन केल्यावर कळले की प्लीहेचा, म्हणजे आपण जिला पानथरी म्हणतो तिचा, एक भाग रक्त न पोहोचल्यामुळे मेला आहे. डॉक्टरांनी विचारले, "घरात सिकलसेल आहे का?" मुलगा नाही म्हणाला. फोनवर आई म्हणाली, "शाळेत असताना शिबिरात रक्त घेतलं होतं, कागद आहे कपाटात." कागदावर लिहिले होते, एएस. म्हणजे वाहक.

मुलगा बरा झाला. पण तो कागद आमच्या मनातून जात नाही. अशा शिबिरांत आम्ही स्वतः नर्स म्हणून आणि नंतर कार्यकर्त्या म्हणून वर्षानुवर्षे बसलो आहोत. वाहक निघालेल्या मुलाच्या आईला आम्ही एकच गोष्ट सांगत आलो: "त्याला काही आजार नाही, फक्त लग्न ठरवताना मुलीचं रक्त तपासून घ्या." डोंगराबद्दल आम्ही एक अक्षर बोललो नाही. आमच्या वस्तीतले कोणी बारा हजार फुटांवर जाईल हे तेव्हा आमच्या डोक्यातच आले नव्हते.

म्हणून आता नीट सांगतो. आधी वाट कशी असते ते, मग शरीराचे काय होते ते. वाट समजल्याशिवाय शरीराचे गणित कळत नाही.

केदारकंठा हे उत्तरकाशी जिल्ह्यातले सुमारे ३,८०० मीटरचे, म्हणजे साडेबारा हजार फुटांचे शिखर आहे. देहरादूनहून गाडीने आठ-दहा तासांवर सांकरी नावाचे गाव लागते, ते १,९५० मीटरच्या आसपास. तिथून चालायला सुरुवात. पहिला मुक्काम साधारण २,७५० मीटरवर, जुडा का तालाब या तळ्यापाशी. दुसरा ३,४०० मीटरच्या सुमारास. तिसऱ्या दिवशी अंधारातच, पहाटे तीन-चारला निघून शिखर गाठायचे आणि त्याच दिवशी खाली यायचे. आपल्याकडचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे आहे. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून सांकरी गावच उंच! सह्याद्रीतले गड घामाघूम होऊन चढणाऱ्यांना वाटते की आपल्याला दमाची सवय आहे. दम आणि उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुढे येईलच.

आपल्या भाषेत बर्फ हा एकच शब्द आहे. गोळेवाल्याचा बर्फही बर्फ आणि आभाळातून पडतो तोही बर्फ. डोंगरात मात्र पायाखाली कोणता बर्फ आहे यावर सगळे अवलंबून असते. नुकता पडलेला बर्फ पिठासारखा भुसभुशीत असतो. त्यात पाय घोट्यापर्यंत, कधी गुडघ्यापर्यंत जातो. पडलात तर लागत नाही, पण एका तासाच्या वाटेला दोन तास लागतात आणि बुटात बर्फ शिरून मोजे ओले होतात. त्यासाठी बुटावरून पोटरीपर्यंत चढवायचे गेटर्स असतात, ते घालायला आळस करू नये. याच बर्फावरून दोन-तीन दिवस शेकडो माणसे गेली की तो दाबला जातो आणि रात्री गोठून काचेसारखा होतो. ख्रिसमसच्या आठवड्यात केदारकंठ्यावर गर्दी उसळते, तेव्हा वाटेची अशीच काच होते. हाडे मोडतात ती बहुतेक इथे. बुटाखाली साखळीसारखे काटे चढवतात, त्यांना मायक्रोस्पाइक्स म्हणतात. ते नसतील तर अशा वाटेवर पाऊलही टाकू नये.

तिसरा प्रकार फसवा. वरून कडक पापुद्रा, आतून पोकळ. सकाळी त्यावरून माणूस तरंगत जातो, दुपारी उन्हाने पापुद्रा मऊ झाला की मांडीपर्यंत आत. ओढ्यांवरही असे बर्फाचे पूल तयार होतात आणि खालून पाणी वाहत असते. मार्चमध्ये हे फार. म्हणून वाटाडे पहाटे निघायची घाई करतात. पोरांना वाटते सूर्योदयाच्या फोटोसाठी. फोटो आहेच, पण खरे कारण हे की उन्हे चढायच्या आत, बर्फ घट्ट असताना, चढून उतरायला सुरुवात करायची असते.

महिन्यांचा अंदाजही बांधून ठेवा. डिसेंबरच्या सुरुवातीला खाली जंगलात नुसती कोरडी माती असू शकते, बर्फ वरच्या टप्प्यात आणि झाडांच्या सावलीत. जानेवारी-फेब्रुवारीत पश्चिमेकडून एकामागून एक हिवाळी वादळे येतात, हवामान खाते त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणते. एका वादळात दोन-तीन फूट बर्फ पडून पायवाट पार नाहीशी होते. वरच्या तळावर रात्री पारा शून्याखाली पाच-दहा अंश, कधी त्याहूनही खाली जातो. एप्रिलमध्ये खाली चिखल, वर विरघळता बर्फ. वर्षावर्षाला यात फरक पडतो, म्हणून मागच्या वर्षी मित्राने काय पाहिले यावर जाऊ नका. निघायच्या आदल्या दिवशी सांकरीतल्या माणसाला फोन करून विचारा: बर्फ कुठून सुरू होतो, शेवटचा कधी पडला, कोणी शिखरावर जाऊन आले का? पुढे फोनला रेंज मिळेलच असे नाही.

हिमस्खलनाबद्दलही बोलले पाहिजे. केदारकंठ्याची रुळलेली वाट बरीचशी जंगलातून जाते, तिथे हा धोका कमी. पण वाट सोडून मोकळ्या उतारावर गेलात, किंवा स्कीइंगला मोठ्या उतारांवर गेलात, तर आहे. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावरचा बर्फ सुटतो. फार उभ्या कड्यावर तो साचतच नाही आणि सपाटीवर घसरत नाही. मोठा बर्फ पडून गेल्यानंतरचे एक-दोन दिवस सगळ्यांत वाईट असतात. आकाश निळे झालेले, ऊन पडलेले, सगळ्यांना वाटते आता निघावे, आणि नेमका तेव्हाच नवा थर जुन्या थरावर नीट बसलेला नसतो. चालताना बर्फातून 'धप्प' असा दबका आवाज आला किंवा पायाजवळून भेगा पळाल्या, तर त्या उतारावरून ताबडतोब मागे फिरायचे. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षणाची तुकडी 'द्रौपदी का डांडा'वर हिमस्खलनात सापडली, २९ जण गेले. त्यांत शिकणारे होते तसे शिकवणारेही होते. बर्फाखाली गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर जगण्याची आशा बरी असते, नंतर झपाट्याने कमी होते. खालून मदत येईपर्यंत तेवढा वेळ नसतो, सोबतच्यांनीच काढायचे असते. डीआरडीओची चंदीगडची डीजीआरई ही संस्था हिवाळ्यात हिमस्खलनाचे इशारे काढते. उत्तरकाशी, चमोली यांसारख्या जिल्ह्यांची नावे त्यात असतात. धोक्याची पातळी एक ते पाच आकड्यांत सांगतात. तीन म्हणजे मधला आकडा, अर्धाच धोका, असे समजू नका. तीनवरही माणसे मरतात.

आता शरीर. ३,८०० मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे ६३ टक्के उरतो. हवेत प्राणवायूचा वाटा तेवढाच, पण हवाच विरळ. म्हणून प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी येतो. शरीर हे सांभाळून घेते, पण त्याला दिवस लागतात. श्वास वाढतो, लघवी वाढते, रक्ताची घडी बदलते. हे तालमीने होत नाही. रोज दहा किलोमीटर धावणारा तरुण आजारी पडतो आणि त्याच्या मागून रमतगमत आलेली त्याची मावशी टुणटुणीत राहते, असे होते. उलट तगडा गडी भरभर वर जातो म्हणून त्यालाच जास्त त्रास होतो.

नियम असा की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. केदारकंठ्याच्या चार दिवसांच्या सहलीत पहिल्या मुक्कामातून दुसऱ्यात साडेसहाशे मीटरची उडी आहे. एकच रात्र काढून खाली यायचे असते म्हणून बहुतेकांचे निभावते. तरी सांकरीत एक रात्र जास्त काढा असे आम्ही सांगू. सुट्टी नाही म्हणून पोरे रात्रभर रेल्वे, दिवसभर गाडी आणि दुसऱ्या सकाळी चढाई असे करतात. ट्रेक सुरू व्हायच्या आधीच शरीर थकलेले असते.

उंचीचा आजार वर पोहोचताक्षणी येत नाही, सहा ते बारा तासांनी येतो. म्हणजे नेमका वरच्या तळावर, रात्री. डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, भूक जाते, झोप लागत नाही. हँगओव्हरसारखे असते असे म्हणतात, आम्हाला अनुभव नाही. उंचीवर डोके दुखले आणि त्यासोबत यातले काहीही असले तर तो उंचीचाच आजार समजायचा, दुसरे काही सिद्ध होईपर्यंत. त्या रात्री पाणी, विश्रांती, साधी पॅरासिटामॉल. पहाटे तीनला उठल्यावर डोके उतरले नसेल तर शिखर नाही. एवढे पैसे भरलेत, सगळे चाललेत, मी कसा मागे राहू, हे मनात येतेच. तंबूत थांबलेला मुलगा दुपारी मित्रांबरोबर खाली उतरतो. डोकेदुखी घेऊन वर गेलेल्याला कधी उचलून आणावे लागते.

दोन गोष्टी मात्र थांबण्याच्या नाहीत, त्यात तात्काळ खालीच न्यायचे, रात्र असो की बर्फ. एक, बसल्या जागी दम लागणे, खोकला, छातीत घरघर, ओठ निळे. फुप्फुसात पाणी भरते आहे. दोन, माणूस असंबद्ध बोलू लागणे, झोकांड्या जाणे. मेंदूला सूज येते आहे. साधी परीक्षा म्हणजे त्याला एका पावलाच्या टाचेला दुसऱ्या पावलाचा अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावले चालायला सांगा. जमले नाही तर उतरवा, सोबत ऑक्सिजन लावा. तीनशे ते हजार मीटर उतरल्याने जे होते ते कोणत्याही गोळीने होत नाही. डायमॉक्स नावाची गोळी आधीपासून घेतल्याने त्रास कमी होतो हे खरे, पण ती डॉक्टरांनी लिहून दिली तरच घ्या. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असलेल्यांना ती चालत नाही, आणि मित्राच्या पाकिटातून घ्यायची ती गोष्ट नव्हे. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरही सगळे सोपवू नका. त्या उंचीवर धडधाकट माणसाचा आकडा ८५ ते ९० असू शकतो, आणि गारठलेल्या बोटावर तो चुकीचाही येतो. आकड्यापेक्षा माणसाकडे पाहा.

आता सिकलसेलकडे येतो. विदर्भात आदिवासी समाजांत आणि आपल्या समाजातही याचे प्रमाण बरेच आहे, हे या पानाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. ज्याला आई आणि वडील दोघांकडून सिकलचा जीन मिळाला तो एसएस, म्हणजे रुग्ण. ज्याला एकाकडूनच मिळाला तो एएस, वाहक. रुग्णाच्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. वाहकाच्या पेशीत निम्म्याहून अधिक चांगले हिमोग्लोबिन असल्याने एरवी काहीच होत नाही. तो शेतात राबतो, फुटबॉल खेळतो, सैन्यातही जातो. पण प्राणवायू फारच कमी झाला, त्यात शरीरातले पाणी कमी, वर जोराचे कष्ट, असे सगळे एकत्र आले की वाहकाच्या पेशीही वाकू शकतात. पानथरीत रक्त मुळातच संथ वाहते, तिथे ही अडचण आधी होते. त्या मुलाचे नेमके हेच झाले. पाणी बर्फासारखे गार लागते म्हणून दोन दिवस तो जेमतेम लिटरभर प्यायला होता, हे त्याने नंतर सांगितले.

याचा अर्थ वाहकाने डोंगरात जायचेच नाही असा नाही. बहुसंख्य वाहक जाऊन येतात आणि त्यांना काही होत नाही. पण त्याला स्वतःचा प्रकार माहीत हवा, आणि सोबत चालणाऱ्या प्रमुखालाही. वाहकाने सावकाश चढावे, शर्यत लावू नये, दिवसाला तीन-चार लिटर पाणी प्यावे, मग कोमट करून घ्या, सूप घ्या, पातळ चहा घ्या. अंगात ताप किंवा जुलाब असताना वर जाऊ नये. आणि उंचीवर डाव्या बरगडीखाली दुखले तर तो गॅस नाही, पानथरीच आहे असे धरून खाली उतरायचे, ऑक्सिजन लावायचा, पाणी द्यायचे, इस्पितळ गाठायचे. तिथल्या डॉक्टरांनी आयुष्यात सिकलसेलचा रुग्ण पाहिलेला नसेलही, म्हणून आपणच सांगायचे. कार्डाचा फोटो फोनमध्ये असू द्या.

एसएस रुग्णांनी मात्र असल्या ट्रेकला जाऊ नये. सिकल-थॅलेसेमिया असा जोड प्रकार असतो, त्यांनीही नाही. आणि इथे केदारकंठ्यापेक्षा मोठी गोष्ट सांगायची आहे. लेह शहर ३,५०० मीटरवर आहे, म्हणजे केदारकंठ्याच्या वरच्या तळाएवढे. आपल्याकडची अनेक कुटुंबे गोम्पे पाहायला लडाखला जातात, म्हातारी माणसे, लहान मुले घेऊन. दिल्लीहून विमानात बसले की दीड तासात थेट त्या उंचीवर. कोणी त्याला ट्रेक म्हणत नाही, म्हणून कोणी फॉर्मही भरून घेत नाही. तिसऱ्या दिवशी गाडी खारदुंग-लाला, ५,३०० मीटरच्या वर. रुग्ण असलेल्या मुलाला अशा सहलीला नेण्याआधी त्याच्या डॉक्टरांशी बोलाच. बाकी सगळ्यांनी लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस शहराबाहेर जाऊ नये. ठिकसेच्या पायऱ्या तिसऱ्या दिवशीही तिथेच असतात.

तपासणीचे सांगतो. शिबिरात आधी सोल्युबिलिटीची चाचणी होते. ती सिकल आहे एवढेच सांगते, वाहक की रुग्ण हे सांगत नाही. त्यासाठी पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते. अर्धवट कागदावर थांबू नका. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू आहे, बाधित आदिवासी भागांतल्या चाळीस वर्षांपर्यंतच्या सर्वांची तपासणी त्यात अपेक्षित आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. लग्नात अडचण येईल म्हणून आया कागद कपाटात दडवतात, हे आम्ही पाहत आलो आहोत. मुलीच्या बाबतीत तर फारच. मग ती मुलगी ट्रेकच्या फॉर्मवर "कोणताही आजार नाही" असे लिहिते आणि खोटे बोलते आहे हे तिला माहीतही नसते. शंभर रुपये घेऊन, स्टेथोस्कोप न लावता तंदुरुस्तीचा दाखला देणारे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत. त्या कागदाने ट्रेकवाल्याचे समाधान होते, तुमच्या शरीराचे नाही.

मुलींनी जाण्याआधी हिमोग्लोबिनही पाहून घ्यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या होत्या. रक्तच कमी असेल तर विरळ हवेत दम दुप्पट लागतो. दोन-तीन महिने आधी तपासले तर गोळ्यांनी भरून काढता येते. पाळीत ट्रेक करायला काही हरकत नाही, पॅड जास्तीचे न्या, वापरलेले पिशवीत बांधून खाली आणा. एक गोष्ट मात्र बायकाच करतात आणि त्रास ओढवून घेतात. उघड्यावर लघवीला जायला नको म्हणून पाणीच पीत नाहीत. दोघी-तिघी मिळून जा, ओढणीचा आडोसा करा, पण पाणी प्या.

थंडीचे थोडक्यात. सुती बनियन आणि जीन्स घालून बर्फात जाऊ नका, सुती कापड घामाने ओले होते आणि वाळत नाही. शिखराच्या खांद्यावर गर्दीत अर्धा तास रांगेत थांबावे लागते, तेव्हाच घाम गार होऊन अंग काकडते. थांबलात की आधी जॅकेट चढवा. माणूस अडखळू लागला, शब्द तोतरे येऊ लागले तर तो गारठतो आहे. थरथर अचानक थांबली तर बरे वाटते आहे असे समजू नका, तब्येत बिघडते आहे. ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, गोड गरम पाजा, दारू अजिबात नाही. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातच सहस्रतालच्या वाटेवर वादळात अडकून नऊ ट्रेकर गेले. तो तर उन्हाळा होता.

बोटे पांढरी, मेणासारखी, बधिर झाली तर बर्फाने चोळू नका. ही चाल अजून लोक सांगतात, ती चूक आहे. शेकोटीवरही धरू नका, बधिर बोटाला भाजलेले कळत नाही. कोपराला सोसेल अशा कोमट पाण्यात ठेवा, पण पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वाटेत वितळवूच नका, आधी उतरा. तंबूत शेगडी किंवा गॅस पेटवून झोपू नका, त्या धुराला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. डोळ्यांना काळा चष्मा हवा, बाजूनेही झाकणारा. नवा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. दिवसभर काही वाटत नाही, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते, उजेड सोसत नाही. तुमच्याबरोबर सामान वाहणाऱ्याला चष्मा आणि हातमोजे आहेत का तेही पाहा. उंचीचा आजार त्यालाही होतो, तो फक्त बोलत नाही, कारण त्या दिवसाची मजुरी जाते.

स्कीइंगला जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. औलीला २,५०० ते ३,००० मीटरवर शिकण्याजोगे उतार आहेत, गढवाल मंडल विकास निगमचे वर्ग तिथे चालतात. सात दिवसांचा वर्ग असेल तर उंचीची सवय आपोआप होते. गुलमर्गचे वेगळे आहे. गंडोला २,६५० मीटरवरून दोन टप्प्यांत अफरवटला ३,९०० मीटरच्या वर नेतो, चालावे लागत नाही म्हणून आपण केवढे वर आलो हे कळत नाही. पहिल्याच दिवशी दुसरा टप्पा करू नका, वाहकांनी तर नाहीच. तिथे आखलेल्या उतारांबाहेर २०२३ आणि २०२४ या दोन्ही फेब्रुवारींत हिमस्खलनाने परदेशी स्कीपटू गेले आहेत, कसलेले असूनही. स्कीला बूट अडकवणारी पकड आपल्या वजनाप्रमाणे लावून घ्या. ती घट्ट असली तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. भाड्याचे सामान देणारा वजन न विचारता देत असेल तर आपण सांगा. दुखापती बहुधा दुपारी, "शेवटची एक फेरी" म्हणताना होतात.

तसेच ट्रेकमध्ये उतरताना पोरे बर्फावर बसून घसरगुंडी करतात. करा, पण पायातले काटे आधी काढा. काटा बर्फात रुततो, शरीर पुढे जाते आणि घोटा मागे राहतो. असा मोडलेला घोटा घेऊन आलेल्या एका मुलीचे प्लास्टर आम्ही स्वतः पाहिले आहे, तिला दोन महिने नोकरीवर जाता आले नाही.

त्या पहिल्या मुलाची पानथरी आता बरी आहे, सोनोग्राफीत जुना डाग दिसतो. डॉक्टरांनी त्याला पुन्हा उंचावर जायला नको म्हटले आहे. त्याच्या धाकट्या बहिणीला मार्चमध्ये औलीच्या वर्गाला जायचे आहे. तिची एचपीएलसी आम्ही करून घेतली, एए आली. हिमोग्लोबिन नऊ निघाले. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आहेत, फेब्रुवारीत पुन्हा तपासायचे ठरले आहे.